शोभाबाईंच्या बाजूचा दिवा

गाडीच्या छताला, आरशाच्या थोडं मागे, दोन छोटे दिवे असतात. एक चालवणाऱ्याच्या डोक्यावर, दुसरा त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या. हिलालभाऊंच्या जुन्या गाडीतला शेजारच्या बाजूचा दिवा दिवाळीनंतर कधीतरी गेला, आणि शोभाबाईंचं नवऱ्याशी बोलणं बंद पडलं.

भांडण नव्हतं. घरात त्या नेहमीसारख्या बोलत होत्या. भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करत होत्या, सुनेशी मराठीत, गावाहून फोन आला की अहिराणीत. हिलालभाऊंनाही "जेवायला चला" म्हणत होत्या. पण जेवायला चला हे बोलणं नव्हे. बोलणं म्हणजे ज्यात कुणाची तरी काळजी असते, कुणाची तरी चहाडी असते, आणि मधेच एखादी गोष्ट अशी असते की जी सांगताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. आवाज खाली आणला की हिलालभाऊंना ऐकू येत नसे. तिथंच सगळी अडचण होती.

पारोळ्याजवळच्या गावातून हिलालभाऊ सुरतेला आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटलं नव्हतं. लिंबायतच्या एका लूमच्या खात्यात ते लागले. खातं म्हणजे पत्र्याखाली दाटीनं मांडलेल्या मागांची लांब खोली. मागांचा तो खडखडाट एकदा अंगात शिरला की सुट्टीच्या दिवशीही डोक्यात चालू राहतो. तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. ओठ हलवायचे, हातांनी खुणा करायच्या. दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली की सुताची कांडी संपली. कोपर वर उचललं की शेठ आला. अंगठा ओठाला लावला की चहा. लग्न होऊन शोभाबाई आल्या आणि त्याच खात्यात कांड्या भरायला बसू लागल्या, तेव्हा नव्या नवरीला नवऱ्यानं पहिल्यांदा शिकवली ती ही भाषा. सासू-सासरे, दीर-जावा अशांनी भरलेल्या एका खोलीत दोघांना एकमेकांशी शब्दही बोलता येत नव्हता. खात्यात मात्र पन्नास माणसांसमोर, मागांच्या चार रांगांपलीकडून, त्या हव्या त्या गोष्टी बोलत. "तुमची आई आज माझ्यावर का रुसली?" असंही त्यांनी एकदा तिथूनच विचारलं होतं.

खात्यात एक रीत होती. पन्नास माणसांची नजर सगळीकडे जाणारच. पण दुसऱ्याचं बोलणं तुमच्याकडे तोंड करून नसेल, तर तुम्ही आपल्या कापडाकडे बघायचं. कुणाचं बोलणं चुकून दिसलंच, तर तळहात डोळ्यांवरून फिरवायचा. मला काही दिसलं नाही, असा त्याचा अर्थ. या रीतीवर कितीतरी संसार त्या गोंगाटात निवांत चालत होते.

मागांनी हिलालभाऊंचे कान हळूहळू नेले. नंतर त्यांनी खातं सोडलं, साड्यांचे गठ्ठे वाहणारा टेम्पो चालवला, गोडादऱ्यात दोन खोल्यांचं घर झालं, मुलगी मयुरी इच्छापोरला नांदायला गेली, मुलगा किरण गाड्यांच्या सामानाच्या दुकानात लागला, आणि ही जुनी गाडी दारात आली. "यांना ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, रेल्वेची शिट्टी ऐकू येते," शोभाबाई म्हणत. "फक्त बायको ऐकू येत नाही."

त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि त्या दोन खोल्यांत ओरडलं की किरणला, त्याची बायको हर्षदाला, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला, सगळ्यांना कळे. खुणांनी बोलावं तर दिवसभर घरात माणसं, आणि हातवारे करत बसलं की हर्षदाला वाटे आपल्याविषयीच चाललंय. म्हणून बोलणं उरलं ते गाडीत. दर रविवारी दोघं मयुरीकडे इच्छापोरला जात आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परत येत. गाडी चालू असताना बोलायचं नाही, हा हिलालभाऊंचा नियम. सिग्नल लागला, वाहनं तुंबली, की शोभाबाई वरचं बटण दाबत. पिवळट दिवा लागे. तो जेमतेम त्यांच्या तोंडावर आणि हातांवर पडे, त्यापलीकडे जात नसे. सिग्नल सुटला की बटण बंद. पुढच्या सिग्नलला गोष्ट तिथूनच पुढे. सुरतेतल्या इतर कुणालाही सिग्नल लांब लागला म्हणून बरं वाटत नसेल.

तो दिवा गेला. काही रविवार अंधारात गेले. एकदा शोभाबाईंनी मोबाईलची बॅटरी आपल्या तोंडावर धरून बघितली. हिलालभाऊ म्हणाले, "घाबरवतेस का मला?"

शेवटी किरणनं मनावर घेतलं. एका रविवारी सकाळी तो दुकानातून छोटं पाकीट घेऊन आला.

"पप्पा, एलईडी आणलेत. दोन्ही बाजूंना बसवतो. जुने बल्ब आता कोण वापरतं?" तो बापाच्या कानाशी ओरडला.

"एकच गेलाय," हिलालभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मोठा. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसला की माणूस तो मोजत नाही. समोरच्या गॅलरीतल्या बाईनं कपडे वाळत घालता घालता वळून बघितलं.

"दोन्ही एकसारखे पाहिजेत ना. मॅप लाइट म्हणतात याला. नकाशा बघायला."

"इच्छापोरला जायला नकाशा कशाला लागतो?"

किरणनं एका जुन्या कार्डाला फडकं गुंडाळलं, दिव्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या फटीत सरकवलं आणि हळूच उचकटलं. झाकण टक् करून हातात आलं. आत काचेची बारकी नळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, दोन चिमट्यांत अडकवलेली. ती काळी पडली होती. शोभाबाईंनी ती मागून घेतली आणि उगाच पदराला पुसली.

नवा दिवा त्याच आकाराचा, फक्त काचेच्या जागी पिवळ्या ठिपक्यांची पट्टी. किरणनं तो चिमट्यांत बसवला, बटण दाबलं. काही नाही.

"फसवलं तुला दुकानवाल्यानं," हिलालभाऊ खूश होऊन म्हणाले.

"दुकानवाला मीच आहे, पप्पा." किरणनं दिवा काढला, टोकं उलटी करून पुन्हा बसवला. "याला पुढचं-मागचं असतं. जुन्याला नव्हतं."

या वेळी लागला. भर सकाळीसुद्धा गाडीचं छत पांढरंफेक झालं. तेवढ्यात मागच्या गल्लीतले वाल्मिकभाऊ दुधाची पिशवी घेऊन चालले होते ते थांबले. हिलालभाऊंच्याच खात्यातले हे जुने सोबती. अजून लूमवर होते, नवागामला.

"काय हिलालभाऊ," त्यांनी हातांनी हवेत झालर काढून दाखवली, "मांडव घातला का गाडीत? नवरी कोण?"

हिलालभाऊंनी अंगठ्यानं शोभाबाईंकडे दाखवलं. शोभाबाई "चला, काहीतरीच" म्हणत घरात गेल्या, पण जाताना एकदा वळून त्यांनी दिव्याकडे बघितलं. आज संध्याकाळी बोलायचं होतं. त्यांच्याकडे आठवडाभर सांभाळलेली एक गोष्ट होती, आणि ती सांगायची नाही असं त्यांनी कबूल केलं होतं.

गोष्ट हर्षदाची होती. हर्षदा सुरतेतच जन्मलेली, घरी बसून साड्यांना लेस लावायची. मशीनवर बसल्या बसल्या एका दुपारी तिनं पाय थांबवला आणि म्हणाली, "मम्मी, आहे." शोभाबाईंना लगेच कळलं. मग ती म्हणाली, "तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला नाही. पप्पांना तर नाहीच." शोभाबाईंनी मान डोलावली. मागच्या वर्षीही असंच होतं. तेव्हा हिलालभाऊंनी आनंदानं गावाकडच्या भावाला फोन लावला होता, आणि त्या एका फोनवर सगळ्या गल्लीला कळलं होतं. पुढे ते टिकलं नाही. मग जिला जिला कळलं होतं तिनं तिनं येऊन विचारलं. हर्षदा महिनाभर दाराबाहेर निघाली नव्हती. हिलालभाऊंना कुणी काही बोललं नाही, पण तेव्हापासून फोन आला की ते गच्चीवर जाऊन बोलत.

त्या संध्याकाळी मयुरीकडे जेवताना शोभाबाईंनी दोनदा श्रीखंड वाढून घेतलं. मनात काही साठलं की त्या गोड जास्त खातात, हे हिलालभाऊंना ठाऊक होतं. परत येताना ते सारखे त्यांच्याकडे बघत होते. तापीवरचा पूल उतरल्यावर वाहनांची रांग लागली. शोभाबाईंनी बटण दाबलं.

हातावरची प्रत्येक रेघ दिसू लागली. समोरच्या काचेवर त्या दोघांचंच प्रतिबिंब उमटलं, बाहेरचा रस्ता पुसट झाला. हिलालभाऊंनी डोळे बारीक केले.

"काय लपवतेस?" त्यांनी ओठांनी विचारलं. गाडीत ते आवाज काढत नसत.

शोभाबाईंनी एकदा बटणाकडे हात नेला. पण इतके रविवार अंधारात गेले होते. त्यांनी हात खाली आणला, डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं. सून. हर्षदानं जन्मात डोक्यावर पदर घेतला नव्हता, पण खूण तीच होती. मग दोन्ही हातांचा झोका केला, हळू हलवला. तीन बोटं दाखवली, आणि एक बोट ओठांवर ठेवलं.

हिलालभाऊ बघत राहिले. त्यांच्या तोंडातून आवाज येईल असं वाटून शोभाबाईंनी घाईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. पण ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्यांच्याइतकाच हळू झोका करून बघितला, बरोबर समजलं ना ते विचारत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पांढऱ्या उजेडात तेही स्पष्ट दिसलं.

त्याच वेळी शोभाबाईंना जाणवलं की उजवीकडे काहीतरी हलतंय.

शेजारी रिक्षा उभी होती. साखरपुडा आटोपून परत निघालेले लूमवाले तिच्यात दाटीनं बसले होते, तिघं ओडिया आणि कडेला, पाय बाहेर काढून, वाल्मिकभाऊ. चौघांचे डोळे या गाडीवर. अंधाऱ्या रस्त्यावर ती गाडी दागिन्यांच्या दुकानाच्या काचेसारखी उजळली होती. वाल्मिकभाऊंचं तोंड आनंदानं पसरलं होतं. त्यांनी दोन्ही हातांचा मोठ्ठा झोका केला, हलवला, मग हात डोक्यापर्यंत नेऊन जोडले. मागचा ओडिया पोरगा, ज्याला शोभाबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं, तोही हसून अंगठा-बोट जुळवून पेढा मागत होता.

सगळ्या सुरतेत लूम चालतात, आणि लूमवाला कुठलाही असो, हातांचं बोलणं त्याला वाचता येतं. इतक्या वर्षांत शोभाबाईंच्या ध्यानात ही साधी गोष्ट आली नव्हती. पिवळ्या दिव्यानं येऊ दिली नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. अंधार झाला. सिग्नल सुटला, रिक्षा हॉर्न वाजवत पुढे गेली. घरापर्यंत त्यांनी बटणाला पुन्हा हात लावला नाही.

सकाळी शोभाबाई दूध आणायच्या निमित्तानं मागच्या गल्लीत गेल्या. वाल्मिकभाऊ ओट्यावर दात घासत होते. त्यांना बघताच त्यांनी गडबडीनं चूळ भरली.

"भाऊ, काल..." शोभाबाईंनी सुरुवात केली.

वाल्मिकभाऊंचा चेहरा उतरला होता. रात्रीच त्यांना आपली चूक कळली असावी. खात्यात असतं तर त्यांनी कापडाकडे बघितलं असतं. रस्त्यावर बघायला कापड नव्हतं. त्यांनी ओला तळहात डोळ्यांवरून फिरवला.

"वहिनी, माले काहीच दिसनं नही."

"आणि ती पोरं?"

"ती तर आंधळीच आहेत. आजपासून." मग आवाज खाली आणून, "गोड बातमीला हात थांबले नाहीत वहिनी. चुकलं."

शोभाबाई हसल्या. वाल्मिकभाऊंनी एकदा असं म्हटलं की त्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही, हे त्यांना खात्यातल्या दिवसांपासून माहीत होतं. म्हणजे निभावलं होतं. हर्षदाला कधीच कळायचं कारण नव्हतं. त्या घरी आल्या, चहा ठेवला, आणि चहा उतू गेला.

पुढचे सगळे दिवस हिलालभाऊ विचित्र वागत होते. हर्षदानं पाण्याचा हंडा उचलायला घेतला की ते कुठूनतरी येऊन तो काढून घेत. गल्लीतल्या आंबट चिंचवाल्याला त्यांनी दोनदा थांबवलं आणि दोनदा काही न घेता जाऊ दिलं. पण बोलले अक्षर नाहीत. भावाचा फोन आला तेव्हा गच्चीवर जाऊनही फक्त पावसापाण्याचं बोलले.

रविवार जवळ आला. दिवा तसाच होता. तो काढावा तर किरणनं एवढ्या हौसेनं बसवलेला. न काढावा तर पुन्हा गप्प बसायचं. शोभाबाई गाडीत जाऊन बसल्या, त्यांनी कार्डाला फडकं गुंडाळून झाकण उचकटून बघितलं. दिव्याला बोट लावलं. जुना बल्ब चटका द्यायचा, हा थंडच. त्यांना एकदम सुचलं. झाकण तसंच हातात घेऊन त्या घरात आल्या. हर्षदा मशीनवर होती, पायाशी साड्यांच्या चिंध्यांची टोपली.

"हळदीच्या रंगाचा तुकडा आहे का गं? पातळ, जॉर्जेटचा. एवढा." त्यांनी झाकण दाखवलं.

"कशाला?"

"दिव्याला आतून लावते. फार पांढरा आहे."

"मम्मी, किरण किती खूश होता. चांगला लख्ख उजेड पडतो की." हर्षदानं टोपलीत हात घातला, पण डोळे सासूवरच. "मंद कशाला पाहिजे?"

शोभाबाईंना सांगता आलं असतं की डोळ्यांना त्रास होतो. ते खोटंही नव्हतं. त्यांनी ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. मग त्या खाली, चिंध्यांच्या टोपलीशेजारी बसल्या.

"बाहेरून दिसतं सगळं, म्हणून," त्या म्हणाल्या. "मी यांना सांगितलं, हर्षदा. तुझं. तू नको म्हणाली होतीस तरी. सिग्नलला गाडी थांबली होती, हातांनीच सांगितलं. आणि वाल्मिकभाऊंनी शेजारच्या रिक्षातून बघितलं. ते बोलणार नाहीत. पण मी शब्द मोडला."

मशीन थांबलं. हर्षदानं हातातला तुकडा उजेडाला धरला, गडद वाटला म्हणून ठेवून दिला, दुसरा काढला. शोभाबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"कधी सांगितलं?" हर्षदानं विचारलं.

"गेल्या रविवारी."

"गेल्या रविवारी? म्हणजे पप्पांना तेव्हापासून माहीत आहे?"

"हो."

"आणि हे अजून गल्लीत कुणालाच माहीत नाही?"

शोभाबाईंनी वर बघितलं. हर्षदाच्या ओठांचे कोपरे हलत होते. तिनं ते आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही, आणि ती हसली. मग हसतानाच तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"म्हणून ते हंडा ओढून घेतात होय! मला वाटलं, मी पाणी सांडते म्हणून." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला राग आला असता, मम्मी. तुम्ही आत्ता सांगितलं नसतं आणि मला दुसरीकडून कळलं असतं ना, तर आला असता."

"मग आता?"

"चालसे," ती गुजरातीत म्हणाली, म्हणजे प्रकरण मिटलं. तिनं झाकण तुकड्यावर उलटं ठेवलं, खडूनं कडा आखल्या आणि कात्री चालवली. "पण एक करायचं. ते हातांचं मला शिकवायचं. घरात तुम्ही दोघं काय बोलता ते मलाही कळायला पाहिजे."

"मग आमचं काय उरलं?"

"तुम्हाला गाडी आहे ना."

तुकडा झाकणात नीट बसला. त्या संध्याकाळी सिग्नलला शोभाबाईंनी बटण दाबलं, तेव्हा हिलालभाऊंच्या डोक्यावरचा दिवा बंदच होता आणि शोभाबाईंच्या ओंजळीत हळद सांडल्यासारखा उजेड पडला. त्यांच्यापुरताच. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं वळूनही बघितलं नाही. दिवाळीनंतरचं सगळं बोलणं साठलं होतं. पूल ते गोडादरा एवढा रस्ता त्याला पुरला नाही. घरापाशी आल्यावरही गाडीत बराच वेळ दिवा लागलेला होता.

किरणच्या लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, "दुकानात पिवळसर, वॉर्म व्हाइटपण मिळतो, मम्मी. सांगायचं तरी!" पण तुकडा कुणी काढला नाही.

तिसरा महिना उलटला त्या रविवारी हर्षदा म्हणाली, "आज मीपण येते इच्छापोरला. पुढे बसणार." शोभाबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तिथं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला, दिवेलागण झाली होती. हिलालभाऊंनी किल्ली फिरवली, तेवढ्यात हर्षदानं वरचं बटण दाबलं आणि त्यांच्याकडे वळली. तिनं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, जरा जास्तच. मग दोन्ही हातांचा झोका केला. झोका थोडा वाकडा होता. मागून शोभाबाईंचे हात नकळत तो सरळ करून दाखवत होते.

हिलालभाऊंनी ते सगळं शेवटपर्यंत, जणू पहिल्यांदाच, बघितलं. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी खात्री करायला आरशातून शोभाबाईंकडे बघितलं. शोभाबाईंनी होकारार्थी मान डोलावली.

"काय सांगतेस, पोरी!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज गाडीतून, गल्लीतून, थेट वरच्या गॅलऱ्यांपर्यंत गेला. समोरची बाई कठड्यावरून वाकली. पानाच्या टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. त्यांत वाल्मिकभाऊ होते. त्यांनी तळहात डोळ्यांपर्यंत नेला, मग काहीतरी समजून तो खाली घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "काय झालं हो हिलालभाऊ?"

हर्षदा हसत होती. हिलालभाऊंनी गाडीची काच खाली केली.